वाचलेल्या घासाचा हिशेब

राखेच्या बुधवारच्या आधीचा रविवार. मिस्सा संपता संपता फादरांनी दरवर्षीची सूचना दिली : गेल्या वर्षीच्या झावळ्या घरात असतील त्या देवळात आणून द्या. आम्ही वसईकर चर्चला देऊळच म्हणतो. घरी आल्याबरोबर आईने स्टूल मागितलं. तिला आता स्टुलावर चढू देत नाही, म्हणून मी चढले. घरातल्या आल्तारवरच्या क्रुसामागे खोचलेली झावळीची पाती वर्षभरात तपकिरी होऊन कडकडीत वाळली होती. हात लागताच तिचा चुरा माझ्या खांद्यावर पडला. गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी हीच पाती हिरवीगार होती आणि ती हातात धरून आम्ही गात गात देवळात शिरलो होतो.

सोमवारी संध्याकाळी देवळामागच्या अंगणात लोखंडी घमेल्यात त्या झावळ्या पेटवल्या. गावभरातून तीन गोणी जमल्या होत्या. वाळलेली झावळी धडधडा पेटते आणि पाहता पाहता विझते. तीन गोण्यांची राख भरली एक वाडगाभर. देवळाची देखभाल करणारे काका ती मलमलच्या फडक्यातून तीनदा गाळत बसले होते. मी विचारलं, एवढी कशाला गाळता? ते म्हणाले, "खर राहिली तर पोरांच्या कपाळाला टोचते."

बुधवारी, 5 मार्च 2025 ला, पहाटे सहाच्या मिस्साला देऊळ भरलेलं होतं. ऑफिसची बॅग खांद्याला लावलेली पोरं, दादरला फुलं पोचवून परत आलेल्या बायका, शाळेच्या गणवेशातली मुलं. फादर अंगठा राखेत बुडवून प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस काढतात आणि हलक्या आवाजात आठवण करून देतात की तू मातीचा आहेस, मातीतच जाणार आहेस. माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईच्या कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ होतं. त्याच्याही कपाळावर फादरांनी तोच क्रूस काढला आणि तेच सांगितलं. दरवर्षी ऐकलेलं असूनही बाळाला उद्देशून ऐकताना पोटात हललं.

लोकलमध्ये समोर बसलेल्या बाईने कपाळाकडे बघून विचारलं, "भस्म का?" मी म्हटलं, "हो, आमचा उपवास आजपासून." तिची महाशिवरात्र आठवड्यापूर्वी, 26 फेब्रुवारीला, झाली होती. शेजारी बसलेल्या माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा त्या दिवशी चौथा रोजा होता. चर्चगेटपर्यंत आमचं बोलणं खाण्याबद्दलच चाललं होतं : कोण काय खात नाही, किती वाजेपर्यंत खात नाही, आणि घरातल्यांसाठी रांधताना मीठ चाखायचं कसं.

हिंदू वाचकांना चातुर्मास माहीत आहे, मुसलमान वाचकांना रमजान. आमच्या या काळाला मराठी ख्रिस्ती प्रायश्चित्तकाळ म्हणतात, उपवासकाळ म्हणतात, घरात बोलताना सरळ लेंट म्हणतात. गोव्यात पोर्तुगीजातून आलेला करेस्म हा शब्द आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर दिवस 46 भरतात. मधले सहा रविवार उपवासाचे नसतात, कारण प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचा. ते वजा केले की 40 उरतात. येशूने रानात चाळीस दिवस काढले, त्याची ही आठवण. ईस्टर चंद्रावर चालतो, 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, म्हणून हा काळ दरवर्षी मागेपुढे सरकतो. 2025 मध्ये ईस्टर 20 एप्रिलला आला.

नियम पाहिले तर फार कडक नाहीत. पोप सहावे पॉल यांनी 1966 मध्ये जुनी बंधनं सैल केली. आताच्या धर्मसंहितेप्रमाणे 18 वर्षं पूर्ण झालेल्यांपासून 60 व्या वर्षात पाऊल टाकेपर्यंतच्यांना उपवास सक्तीचा, तोही दोनच दिवस : राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचं, उरलेल्या दोन वेळा थोडंसं. 14 वर्षांपुढच्यांनी त्या दोन दिवशी आणि या काळातल्या शुक्रवारी मांस खायचं नाही. संपलं. पण 1966 च्या त्याच पत्रकात पोपनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, जी फारशी कुणी लक्षात ठेवत नाही. ज्यांच्याकडे भरपूर आहे त्यांनी स्वतःला आवर घालून उपाशी माणसांना द्यावं. ज्यांचं रोजचं जगणंच कष्टाचं आहे त्यांच्यावर आणखी उपवास लादायचा नाही. त्यांनी ते कष्टच देवापुढे ठेवावेत. हे वाक्य मला यंदा फार उशिरा उमगलं. ते पुढे येईल.

वसईची माणसं नियमापेक्षा जास्त पाळतात. कितीतरी घरांत चाळीसही दिवस मांसमच्छी शिजत नाही. लग्नं होत नाहीत. एरवी दारूशिवाय ज्यांची संध्याकाळ जात नाही अशी माणसं राखेच्या बुधवारी बाटली बंद करतात ती ईस्टरलाच उघडतात, आणि त्यांच्या बायका हे दीड महिन्याचं सुख देवाची कृपा मानतात. देवळात जांभळं कापड येतं, आलेलुया गायचा थांबतो आणि वेदीवरची फुलं जातात. ज्या गावांतून पहाटेच्या गाडीने मोगऱ्याच्या पाट्या मुंबईला जातात, त्या गावच्या देवळात दीड महिना एक कळी दिसत नाही. लहानपणी मला हे फार उदास वाटायचं. आता वाटतं, डोळ्यांचाही उपास असतो.

दर शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट. येशूच्या शेवटच्या प्रवासाचे चौदा मुक्काम भिंतींवर चित्रांत लावलेले असतात. एकेकापुढे गुडघे टेकत, गात, आम्ही देवळाला फेरी घालतो. ही कथा मराठीत आणि पुराणाच्या घाटात सांगण्याची परंपरा आपल्याकडे चारशे वर्षांची आहे. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. दहा हजारांवर ओव्या, आणि त्यात या दुःखसहनाचं सविस्तर वर्णन. इंग्लंडात जन्मलेल्या माणसाने इथल्या लोकांना त्यांच्याच छंदात ते ऐकवलं, याचं मला कायम अप्रूप वाटत आलेलं आहे.

हे सगळं मी मनापासून पाळते. पण या लेखाच्या निमित्ताने महिनाभर लोकांच्या घरी गेले, माझ्याच घरात जरा नीट पाहिलं, आणि एक गोष्ट बोचत राहिली. शुक्रवारी मांस चालत नाही, मासे चालतात. हा नियम झाला तेव्हा कोळ्याच्या जाळ्यातली मासळी गरिबाचं अन्न असेल. आज शुक्रवारी सकाळी बाजारात जाऊन बघा. चिकन आम्ही खात नाही, पण चिकनच्या कितीतरी पट भावाचं पापलेट पिशवीत पडतं, आणि दुपारी त्याचं कालवण खाऊन संध्याकाळी आम्ही क्रुसाच्या वाटेला हजर. नियम तंतोतंत पाळलेला असतो. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण फक्त साबुदाण्याला लागू नाही.

मग उपवास कशासाठी? राखेच्या बुधवारी मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचला जातो. दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींबद्दल येशू तिथे एकच सांगतो, लोकांना दाखवायला करू नका. लगेच पुढच्या शुक्रवारी यशया संदेष्ट्याचं वाचन येतं. उपाशी राहून मजुरांना राबवून घेणाऱ्यांना तो खडसावतो. भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं, उघड्याला पांघरूण देणं, हा देवाला हवा असलेला उपवास, असं त्याचं म्हणणं.

जुन्या ख्रिस्ती लोकांना तर याचा हिशेबच माहीत होता. दुसऱ्या शतकात अथेन्सच्या अरिस्तायदीस नावाच्या तत्त्वचिंतकाने रोमन बादशहासाठी ख्रिस्ती लोकांची बाजू मांडणारं एक निवेदन लिहिलं. त्यात तो सांगतो की या लोकांत कुणी गरजू असला आणि बाकीच्यांकडेही जास्तीचं काही नसलं, तर ते दोन-तीन दिवस उपास करतात आणि त्यातून वाचलेलं अन्न त्याला देतात. त्याच शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या, हर्मासच्या ‘मेंढपाळ’ या ग्रंथात रीतच दिलेली आहे. उपवासाच्या दिवशी फक्त भाकरी आणि पाणी घ्यायचं. एरवी त्या दिवशी जे खाल्लं असतं त्याची किंमत काढायची, आणि तेवढे पैसे विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यायचे. किंमत काढायची, हे त्यात स्पष्ट आहे. उपवास म्हणजे वाचलेला घास दुसऱ्याच्या ताटात पोचवणं. तो पोचला नाही तर ती काटकसर झाली, नाहीतर तब्येतीसाठी केलेलं लंघन.

माझ्या आईला हर्मास माहीत नाही. पण आमच्या फळीवर दुधाच्या पावडरीचा एक जुना डबा आहे, झाकणाला सुरीने चीर पाडलेली. चाळीस दिवस तो डबा खाली ओट्यावर येतो. आई रोज रात्री जेवणं झाल्यावर मनातल्या मनात मांडते : आज अंडी आणली नाहीत, इतके. आज रिक्षाऐवजी चालत आले, इतके. मग पदराच्या गाठीतून पैसे काढून चिरेतून आत टाकते. आम्ही लहान होतो तेव्हा चार आणे, आठ आणे पडायचे; त्यांचा आवाज वेगवेगळा ओळखू यायचा. शुक्रवारी भात, वालाची आमटी आणि पापड. दुपारी ज्याला भूक लागेल त्याने पेज प्यायची. त्या दिवसांत साधं राहणं अवघड नव्हतं, कारण साध्याशिवाय दुसरं काही नव्हतंच. आजीजवळ दोन लाल लुगडी होती, एक देवळाचं आणि एक वाडीतलं. केळीच्या बागेला पाणी लावून आलेली माणसं रात्री दिवेलागणीला रोझरी म्हणून झोपायची.

मग जमिनींना भाव आला. नव्वदच्या दशकात मी वसईचा कायापालट डोळ्यांनी पाहिला. वाड्या गेल्या, विहिरींचं पाणी टँकरनी उपसलं गेलं, बंगले उठले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने पाणी आणि झाडं वाचवण्यासाठी तेव्हा जो लढा दिला तो महाराष्ट्राला ठाऊक आहे. 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून बहुतेकांना ते आठवतात. आमच्या पिढीला ते आठवतात ते साधेपणाचा संबंध विहिरीतल्या पाण्याशी जोडून दाखवणारा धर्मगुरू म्हणून. 25 जुलै 2024 ला ते गेले. लग्नाच्या मांडवातल्या उधळपट्टीबद्दल आमच्याकडे आजही देवळात बोललं जातं, ‘सुवार्ता’ मासिकात लिहिलं जातं, आणि उधळपट्टी चालूच असते. लेंटमध्ये लग्न नाही, म्हणून ईस्टरनंतरच्या पंधरवड्यात हॉल मिळत नाही.

माझा एक भाचा आहे, 26 वर्षांचा, संगणकाच्या कंपनीत आहे. मी त्याला विचारलं, तू काय सोडलंस? तो म्हणाला, "आत्या, मांस सोडणं मला जड नाही. मला जड आहे रात्री अकराला मोबाइलवरून जेवण मागवणं सोडणं." त्याने ते सोडलं. मागवावंसं वाटलं की तो जेवण निवडायचा, रक्कम बघायचा, ते बंद करायचा आणि तेवढेच पैसे त्याच क्षणी मोबाइलवरूनच मुंबईतल्या एका कॅन्सर रुग्णांच्या वसतिगृहाला पाठवायचा. "उद्यावर टाकलं की मी विसरतो," म्हणाला. आईच्या डब्याचीच ही पुढची पिढी, असं मला वाटलं. त्याचं शेवटचं वाक्य मात्र मी तेव्हा मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

एक प्रश्न मी जिथे गेले तिथे विचारला : उपवासाच्या दिवसांत तुमच्या घरी रांधतं कोण? पुरुषांनी उपवासाबद्दल भरभरून सांगितलं, बायका हसल्या. घरात तिघांचा उपास, दोघांचा नाही, एकाला मधुमेह, म्हाताऱ्या सासऱ्यांना मऊ भात. साधं जेवण तीनदा रांधावं लागतं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हे मला पहिल्यांदा कळलं होतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांइतका अपरिग्रही माणूस मराठी ख्रिस्ती समाजात विरळा. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि संन्याशासारखे राहू लागले. पण टिळक हातातलं देऊन टाकत, तेव्हा संध्याकाळी चूल कशी पेटवायची हे लक्ष्मीबाईंना बघावं लागे. आपल्या औदार्याची किंमत घरात कोण भरतंय, हे विचारल्याशिवाय कुणी स्वतःला उदार म्हणवून घेऊ नये, असं मला पुस्तक मिटताना वाटलं होतं आणि अजून वाटतं.

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा आहे. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर ती सुरू केली. यांचं काम वर्षभर चालतं. पैसे नुसते पाठवायचे नाहीत, गरजूच्या घरी स्वतः जायचं, एकट्याने नाही तर जोडीने, आणि कुणाला काय दिलं ते बाहेर बोलायचं नाही. एक निवृत्त कारकून काका तीस वर्षं हे करताहेत. मी त्यांना म्हटलं, एखाद्या घराबद्दल सांगा ना. त्यांनी मला चहा दिला, त्यांच्या वाडीतली केळी दिली, दोन तास गप्पा मारल्या, पण एका घराबद्दल अक्षर काढलं नाही. इतकंच म्हणाले, "जाताना बसायला शिकावं. उभ्याउभ्या दिलं की तो सरकारी माणूस होतो."

आता वीटभट्टीवरची गोष्ट.

दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याकडची वारली, कातकरी कुटुंबं मालकाकडून उचल घेऊन वीटभट्ट्यांवर येतात. वसई पूर्वेकडे, भिवंडीकडे. पाऊस तोंडावर येईपर्यंत तिथेच. कच्च्या विटा रचून वर प्लास्टिक टाकलेल्या झोपड्या. पहाटे, काळोख असतानाच, पायाने गारा तुडवून साच्यातून विटा पाडायला सुरुवात होते. मजुरी हजार विटांमागे ठरलेली, त्यातून उचल वळती होते, हाती येते ती आठवड्याची खर्ची. आमचे बंगले त्यांनी पाडलेल्या विटांचे आहेत. आमचा उपवासकाळ येतो तो बरोबर या हंगामाच्या मध्यावर.

आम्ही बारा-तेरा जणींनी ठरवलं होतं, यंदा लेंटमध्ये भट्टीवर काहीतरी न्यायचं. 7 मार्चला, पहिल्या शुक्रवारी, घराघरांतून कपडे गोळा करून दोन रिक्षा भरून गेलो. धुऊन, इस्त्री करून नेले होते, याचा आम्हाला अभिमान होता. एका बाईच्या हातात मी जे बोचकं दिलं त्यात वरच एक घागरा होता, टिकल्यांचा, कुणाच्या तरी लग्नातला. तिने तो उलगडला. टिकल्यांवरून हात फिरवला. मग नीट, पहिल्यासारख्याच घड्या घालून माझ्या हातात परत दिला. "बाई, हे घालून गारा कसा तुडवू?" तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती.

मला मान वर करता येईना. आमच्या कपाटात जे नको झालं होतं ते आम्ही दान म्हणून आणलं होतं. मग मला त्या कारकून काकांचं वाक्य आठवलं आणि मी तिथेच, विटांच्या थप्पीवर बसले. विचारलं, काय हवंय? ती बराच वेळ बोलली नाही. मग पोरांकडे बोट केलं. मुलं अनवाणी होती. भट्टीच्या कडेची जमीन मार्चमध्ये दुपारी पाऊल टेकवू देत नाही, त्यात विटांच्या कपच्या. "चपला," ती म्हणाली, "पोरांना."

दोन दिवसांनी, रविवारी मिस्सानंतर, आम्ही दोघी मापं घ्यायला पुन्हा गेलो. तिने मापं आधीच घेऊन ठेवली होती. सुतळीचे अकरा तुकडे. एकेका पोराचं पाऊल जमिनीवर ठेवून, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी धरून, दाताने तोडलेली. टोकाला गाठी मारल्या होत्या : पहिल्या झोपडीतल्या पोरांच्या सुतळीला एक गाठ, दुसऱ्या झोपडीला दोन, अशा पाच गाठींपर्यंत. एका झोपडीतली दोन भावंडं सारख्या मापाची होती, तर त्यातल्या एकीच्या सुतळीला तिने लाल चिंधी बांधली होती. "ही पोरगी," म्हणाली, "तिला लाल आवडतं." लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईने इतकी चोख यादी केली होती की मी आयुष्यभर ऑफिसात केलेल्या याद्या आठवून गप्प झाले.

त्या रात्री मला पोप पॉल यांच्या पत्रकातलं ते वाक्य समजलं. या माणसांना उपवास सांगायचा नाही, असं का म्हटलंय ते.

आणि तरी आमच्याकडून उशीर झाला. आमची रीत अशी की डबे उघडायचे ते झावळ्यांच्या रविवारी. चाळीस दिवस साठवायचं, पवित्र आठवड्यात मोजायचं, मग द्यायचं. कुणाच्याही मनात आलं नाही की अकरा जोड चपलांसाठी थांबायची गरज नाही, आमच्यातली कुणीही एकटी ते पैसे त्याच संध्याकाळी देऊ शकली असती. माझ्याही मनात आलं नाही. सुतळ्या मी स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवून ठेवल्या होत्या. रोज त्यांच्याखाली उभी राहून मी भाजी फोडणीला टाकत होते, आणि माझा उपवास कडक चालला होता.

13 एप्रिलला, झावळ्यांच्या रविवारी दुपारी, आईचा डबा उघडला. 2,340 रुपये. इतरांचे मिळून काम भागून वर उरले. सोमवारी वसई स्टेशनजवळच्या चपलांच्या दुकानात मी सुतळ्या घेऊन गेले. दुकानदार आधी चक्रावला, मग त्याने काउंटर मोकळा केला. प्रत्येक चपलेवर सुतळी ताणून बघायची, बोटभर जास्त ठेवायची कारण पोरांचे पाय वाढतात, मग ती सुतळी त्याच चपलेत घालून ठेवायची. तास-सव्वा तास लागला. लाल चिंधीवाल्या मापात लाल चप्पल त्याच्याकडे नव्हती. त्याने शेजारच्या दुकानातून मागवली. पैसे घेताना त्याने स्वतःचा नफा सोडला. मी न विचारता.

पवित्र गुरुवार 17 एप्रिलला होता. त्या संध्याकाळी देवळात फादर बारा जणांचे पाय धुतात. कंबरेला टॉवेल, हातात तांब्या, खाली घंगाळ. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. पूर्वी बाराही पुरुष असायचे. पोप फ्रान्सिसनी 2016 मध्ये नियम बदलला तेव्हापासून बायकांचेही पाय धुतले जातात. त्याआधीच, 2013 मध्ये पोप झाल्या झाल्या, ते रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात जाऊन मुलांचे पाय धुऊन आले होते, त्यात मुसलमान मुलंही होती. 2025 मध्ये ते आजारातून नुकते उठले होते. तरी गुरुवारी रोमच्या कारागृहात गेले आणि कैद्यांना म्हणाले की या वर्षी मला पाय धुता येणार नाहीत, पण मला तुमच्याजवळ यायचं होतं. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, 21 एप्रिलला सकाळी ते वारले. पोपचा राजवाडा सोडून पाहुण्यांच्या इमारतीत राहिलेल्या या माणसाच्या थडग्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे फक्त नाव कोरलेलं आहे.

आम्ही भट्टीवर गेलो तो त्याच गुरुवारी, सकाळी. ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून सातलाच निघालो. मुलं थप्पीवर रांगेने बसली. मी सुतळीच्या गाठी मोजून एकेक जोड काढत होते आणि ती बाई नावं घेत होती. पहिली झोपडी, तीन पोरं. दुसरी, दोन. तिसरी, एक. पोरांचे पाय गाऱ्याने माखलेले होते. एकाने चप्पल घालायच्या आधी पाय धुऊन येतो म्हणून हट्ट धरला आणि हौदाकडे पळाला, मग सगळीच पळाली.

चार गाठींच्या सुतळ्या दोन होत्या. एक साधी, एक लाल चिंधीची. मी दोन्ही जोड बाहेर काढले आणि वर बघितलं. ती बाई म्हणाली, "ती गेली."

होळीला गावी गेली होती ती माणसं. 14 मार्चची धुळवड, आदिवासींचा सगळ्यात मोठा सण, त्याला बहुतेक सगळेच घरी जातात. बाकीचे परत आले. चौथ्या झोपडीतलं कुटुंब दुसऱ्या भट्टीवर गेलं. कुठल्या, ते तिला माहीत नव्हतं. भिवंडीकडे म्हणाली, मग म्हणाली, नाहीतर मुरबाडकडे. चार विटा आणि फाटलेलं प्लास्टिक तिथे उरलं होतं.

मापं 9 मार्चला माझ्या हातात आली होती. धुळवड 14 ला. मधे पाच दिवस होते.

पाचव्या झोपडीतल्या पोरांना चपला घातल्या. ती नवी चप्पल वाजवत थप्पीभोवती धावायला लागली. त्या बाईने आम्हाला काळा चहा दिला, गूळ घातलेला. आम्ही बसून प्यायलो.

ते दोन जोड मी घरी घेऊन आले. त्या भागातल्या दोन-तीन भट्ट्यांवर मी मे महिन्यात जाऊन विचारलं, कारकून काकांनी भिवंडीच्या ओळखीच्या माणसांना सांगून ठेवलं. पत्ता लागला नाही. आता दिवाळीनंतर माणसं पुन्हा भट्ट्यांवर येतील तेव्हा पुन्हा विचारणार आहे. आई म्हणते, चपला कुणातरी पोरांना देऊन टाक, पाय तेवढेच थोडेच राहणार आहेत. तिचं खरं आहे, आणि एक जोड मी दिलाही. लाल जोड आल्तारखालच्या खणात आहे, आत सुतळी, सुतळीला चार गाठी आणि चिंधी. आईचा डबा यंदा फळीवर परत गेला नाही. ओट्यावरच आहे, आणि त्याचं झाकण तिने काढून टाकलंय.